घरचा संगणक अचानक बंद का पडतो?
हिशेब सांभाळणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

२०२५ साली रमजानचा महिना आणि आर्थिक वर्षाचा शेवट हे दोन्ही मार्चमध्येच आले होते. कापडाच्या धंद्यात असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवसभर ईदची गिऱ्हाइकी, रात्री तरावीहनंतर बिले, २० तारखेच्या आत जीएसटीचे विवरणपत्र, ३१ तारखेपर्यंत मालाची मोजदाद, आणि त्यात जकातीचा हिशेब. आम्ही हे सारे काम घरच्या संगणकावर करतो. नेमक्या त्याच दिवसांत तो मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. पाथर्डी आणि शेवगावच्या दुकानदारांची बिले अर्धवट राहिली. एकदा तर तासाभराच्या नोंदी गेल्या, आणि त्यात कोणाकोणाची उधारी होती हे आठवणीने पुन्हा लिहावे लागले.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आली आहे, हे आपण सर्व जाणतो. पूर्वी हे लिखाण किर्द-खतावणीत होत असे, आज ते संगणकात होते. तेव्हा संगणक भरवशाचा असणे हीसुद्धा हिशेबाचीच एक बाब झाली. जकातीसाठी दुकानातील माल आणि वसूल होण्यासारखे येणे यांचा आकडा चुकला तर अडीच टक्क्यांचा हिशेबही चुकतो. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. म्हणून या दुखण्याची कारणे कोणती आणि ती घरच्या घरी कशी ओळखावीत, हे आम्हाला जेवढे कळले तेवढे येथे मांडत आहोत.

आधी निदान, मग खर्च

संगणक बंद पडू लागला की सल्ले पुष्कळ मिळतात. एकाने आम्हाला फॉरमॅट करायला सांगितले. दुसऱ्याने पाच मिनिटे पाहून, “मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या” असा निकाल दिला. आम्ही दोन्ही ऐकले नाही, कारण कापडाच्या धंद्यात वेगळी सवय लागलेली असते. ताक्यात डाग दिसला तर व्यापारी लगेच गिरणीशी भांडत नाही. डाग सुताचा आहे, रंगाचा आहे, की आपल्याच गोदामातील ओलीचा, हे तो आधी पाहतो. आपल्या नगर शहराला निजामशाहीच्या काळी बाहेरून खापरी नळांनी पाणी येत असे. हौदात पाणी कमी झाले तर उगमापासून हौदापर्यंत एकेक टप्पा तपासावा लागणार. संगणकाचेही तसेच आहे. वीज भिंतीतून येते, यूपीएसमधून जाते, आतील पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला मिळते, आणि त्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क व शेवटी विंडोज चालते. तपासणीही याच क्रमाने करावी.

सर्वात उपयोगी पडलेले साधन म्हणजे दोन रुपयांची वही. संगणक बंद पडला की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, त्या वेळी कोणते काम चालू होते, संगणक सुरू करून किती वेळ झाला होता, आणि पडद्यावर काही संदेश आला की नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. पडद्यावरील इंग्रजी संदेश आम्हाला झटकन उमगत नाही. म्हणून आम्ही अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवीत गेलो आणि सावकाश मुलीकडून अर्थ समजून घेतला. बारा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्या एकत्र वाचल्या तेव्हा दिसले की, नऊ वेळा संगणक नेमका बिलाची छपाई सुरू करताच बंद पडला होता. उरलेल्या पाच वेळा छपाई चालू नव्हती, पण प्रत्येक वेळी संगणक तासभर तरी चाललेला होता आणि बहुतेक नोंदी दुपारच्या होत्या. म्हणजे दुखणे एक नव्हते, दोन होती. वही नसती तर हे कधीच कळले नसते.

पहिला टप्पा : वीज आणि यूपीएस

कोणताही संदेश न येता, दिवा विझावा तसा संगणक क्षणात बंद झाला तर पहिला संशय विजेवर घ्यावा. आपल्या घरात २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची वीज येते. पाण्याची मोटर, फ्रिज किंवा इस्त्री सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो. संगणकातील चांगला पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, हे लक्षात घेतले तर ही सवलत किती थोडी आहे हे समजेल. पॉवर सप्लाय जुना झाला की तीही कमी होते.

यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नये. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. हिरवा दिवा लागतो, आवाजही येतो, पण भार पेलत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. सर्व काम सेव्ह करून, संगणक चालू असताना यूपीएसचा भिंतीवरील खटका बंद करावा. पाच मिनिटेसुद्धा न टिकता संगणक बंद पडला तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसरी गोष्ट भाराची. यूपीएसवर ६०० व्हीए असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ६०० वॅट नव्हे. प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. आमची चूक येथेच होती. लेझर प्रिंटर आम्ही यूपीएसवरच जोडला होता. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर पक्की करण्यासाठी एक रूळ तापवावा लागतो आणि त्या क्षणी तो कित्येकशे वॅट ओढतो. यूपीएसवर भार पडायचा, आणि थकलेली बॅटरी तो सावरू शकत नव्हती. प्रिंटरची पिन काढून सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली. पुढच्या आठवड्यात संगणक तीन वेळा बंद पडला, पण छपाईच्या वेळी एकदाही नाही. या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही. बॅटरी मात्र नंतर बदलून घेतली.

याच टप्प्यात किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीही पाहाव्यात. कॅबिनेटच्या मागील वायर सैल आहे काय, एक्स्टेन्शन बोर्ड तापतो काय, पुढील रिसेटचे बटण आत अडकून राहते काय. घराचे अर्थिंग नीट आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये दोष आहे, आणि तो संगणकाप्रमाणे घरातील माणसांनाही धोक्याचा आहे.

दुसरा टप्पा : उष्णता आणि धूळ

संगणक सकाळी व्यवस्थित चालतो, अर्ध्या-एक तासाने बंद पडतो, आणि लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडतो. ही उष्णतेची खूण होय. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तापला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिले तर स्वतःला वाचविण्यासाठी संगणक बंद करतो. बहुतेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान बायॉसच्या पडद्यावर पाहता येते, किंवा त्यासाठी मोफत प्रोग्राम मिळतात.

कापडवाल्यांच्या घरी हा त्रास अधिक असतो, असा आमचा अनुभव आहे. दुकानातून कपड्यांबरोबर, नमुन्यांच्या गठ्ठ्यांबरोबर सुती तंतू घरात येतात. ही तूस संगणकाचा पंखा आत ओढतो. आमच्या संगणकाचे झाकण काढले तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याखाली तुसाचा जणू नमदाच जमलेला होता. हवा खालपर्यंत पोहोचतच नव्हती. मार्चची नगरची दुपार, वर खिडकीजवळची जागा, मग संगणक बंद पडणार नाही तर काय?

सफाई करताना आधी संगणक बंद करून वायर काढावी, मग बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते. हातातील स्थिर वीज उतरावी म्हणून पत्र्याला स्पर्श करावा. मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरावा, ओले फडके मुळीच नको. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, ती गरगर फिरू देऊ नयेत. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या आत जोरदार झटका बसेल इतकी वीज साठून राहू शकते. संगणक चार-पाच वर्षे जुना असेल तर प्रोसेसर व उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती जाणकाराकडून नवी लावून घ्यावी. सफाई आणि पेस्ट एवढ्यावर आमच्या उरलेल्या नोंदी थांबल्या. त्या महिन्याच्या २२ तारखेनंतर वहीत नवी नोंद नाही, अल्हमदुलिल्लाह.

तिसरा टप्पा : पॉवर सप्लाय

भिंतीची वीज व यूपीएस ठीक असूनही काम वाढताच संगणक बंद पडत असेल तर कॅबिनेटमधील पॉवर सप्लायवर, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, संशय घ्यावा. तो मदरबोर्डला मुख्यतः १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा करतो आणि त्यात पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. जुळवणी केलेल्या संगणकात कॅबिनेटबरोबर आलेला हलका पॉवर सप्लाय असतो. त्यावर ४५० वॅट छापलेले असले तरी तेवढे तो देईलच असे नाही. कापडाची परीक्षा जशी हाताला कळते, तशी येथेही वजनावरून थोडीफार कल्पना येते. नवीन घेताना नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला आणि हमीची पावती मिळणारा घ्यावा. तपासणीची सर्वात खात्रीची रीत म्हणजे ओळखीच्या दुकानातून चांगला पॉवर सप्लाय दोन दिवस लावून पाहणे.

मदरबोर्डवरही एक नजर टाकावी. छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळालेले दिसले तर तो बोर्ड भरवशाचा राहिला नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर अनेक कंपन्यांच्या बोर्डांत खराब कपॅसिटर आले होते आणि हजारो संगणक याच कारणाने बंद पडले. बोर्डावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली तर संगणकाचे घड्याळ मागे पडते. त्यामुळे संगणक सहसा बंद पडत नाही, पण बिलावर चुकीची तारीख छापली जाते, आणि तो निराळाच घोटाळा होतो.

चौथा टप्पा : रॅम आणि डिस्क

येथपर्यंत संगणक मुकाट्याने बंद पडत होता. पडद्यावर संदेश येऊन बंद पडत असेल तर तपास सोपा होतो. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता, २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे. संदेश वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होतो, कारण विंडोजमध्ये तशी व्यवस्था आधीच केलेली असते. ती बंद करावी. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ शोधून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये जावे आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढावी. मग संदेश पडद्यावर थांबून राहतो आणि वहीत उतरविता येतो.

दर वेळी निराळाच संदेश येत असेल, फाइली विनाकारण खराब होत असतील, तर रॅमची तपासणी करावी. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चालवावे. संगणक पुन्हा सुरू होऊन स्वतःच तपासणी करतो. दोष निघाल्यास रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी, कचरा झटकून पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवून पाहावे, म्हणजे दोषी कोण ते कळेल. पुष्कळदा रॅम खराब नसते, नुसती सैल झालेली असते.

संगणक फार मंद होतो, मध्येच थिजतो, जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो. ही डिस्कची लक्षणे आहेत. अशा वेळी तपासणीच्या आधी हिशेबाची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी, कारण मरणपंथाला लागलेली डिस्क तपासणीच्या ताणानेही दगावू शकते.

पाचवा टप्पा : विंडोज आणि प्रोग्राम

दर वेळी तोच संदेश, तोच प्रोग्राम उघडताना, किंवा एखादे अपडेट अथवा नवा प्रिंटर बसविल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याचा संभव अधिक. विंडोज स्वतःही एक रोजमेळ ठेवते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधले की तारखेप्रमाणे काय बिघडले ते दिसते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम, येथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पुष्कळांना आढळते आणि ते घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर वीज किंवा यंत्राच्या भागांकडे आधी पाहावे.

एक सोपी कसोटी सांगतो. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ ची कळ दाबून बायॉसच्या पडद्यावर जावे आणि तासभर तसाच चालू ठेवावा. तेथे विंडोज चालू नसते. तरीही तो बंद पडला तर फॉरमॅट करण्याचा खर्च व्यर्थ आहे, दोष यंत्रात किंवा विजेत आहे. तेथे टिकला आणि विंडोजमध्ये बंद पडला तर तेवढ्यावरून निकाल लागत नाही, कारण बायॉसमध्ये यंत्रावर ताण थोडा असतो. पण पुढची दिशा मिळते.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखविताना खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर निळा पडदा आला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि विमानतळांवर रांगा लागल्या. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त दाब मिळून ते अस्थिर होत असल्याचे कंपनीने मान्य केले, ऑगस्टमध्ये सुधारणा दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. आपला प्रोसेसर त्या पिढीचा असेल तर मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत करून घ्यावे. आणखी एक. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. हिशेबाच्या संगणकाबाबत याचा विचार लवकर करावा.

दुरुस्तीला देताना

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. चार भाग एकदम बदलले तर संगणक सुरू होईल, पण पैसे कशासाठी गेले हे कधीच समजणार नाही. दुरुस्तीला देताना वहीची नक्कल बरोबर द्यावी. काढलेला जुना भाग परत मागावा, नव्याची पावती घ्यावी. आणि हिशेबाची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.

हिशेबाच्या तीन प्रती

संगणक कितीही सांभाळला तरी एक दिवस तो जाणारच. म्हणून हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर, तिसरी घराबाहेर. आम्ही रोज रात्री काम संपले की पेन ड्राइव्हवर प्रत घेतो आणि सकाळी तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवतो. पेन ड्राइव्ह संगणकाला कायम लावून ठेवू नये, कारण व्हायरस आला तर तोही सापडतो. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रक्कम.

आमच्या संगणकात आमच्या एकट्याचे काही नाही. त्यात गावोगावच्या दुकानदारांचे देणे आहे, कारागिरांची मजुरी आहे, गरिबांच्या जकातीचा हिस्सा आहे. ही सारी लोकांची अमानत आहे आणि एका सैल वायरमुळे किंवा मूठभर तुसामुळे ती बुडू नये. ईदच्या गर्दीच्या आधी, शाबान महिन्यातच एक सुट्टीचा दिवस काढून यूपीएस तपासावा, कॅबिनेट साफ करावे आणि पेन ड्राइव्ह उघडून पाहावा. इन्शाअल्लाह, पुष्कळ त्रास वाचेल.